बाहेरचा राबतो, आतला मिरवतो

माझ्या सासूबाईंना आमच्या भागात सगळे गारगरम म्हणतात. तोंडावर नाही, मागून. तोंडावर म्हणायची हिंमत एका पाइपवाल्यानं केली होती. त्याला मी त्याच्याच दुकानाच्या पायरीवर असं सुनावलं की अजून मला बघून रस्ता बदलतो. आईंना त्याचं काहीच नाही. त्यांना मी आईच म्हणते. म्हणाल्या, "खरंच तर आहे. उन्हाळ्यात गार करते, थंडीत गरम करते. पाटीवर लिही." मी नाही लिहिलं.

त्या घरोघरी जाऊन एसी दुरुस्त करतात, उन्हाळ्यात गार आणि थंडीत गरम हवा देणारे. आधी अठरा वर्षं कारखान्यात तांब्याच्या नळ्या जोडायच्या. कारखाना बंद झाला तेव्हा बरोबरच्या बायका शिवणकामाला लागल्या, आई शिडी विकत घेऊन आल्या. मी लग्न होऊन आले ती नववी सोडलेली, पायाला भिंगरी लावलेली. माहेरचे म्हणायचे, ही सासरी चार दिवस टिकायची नाही. आईंनी पहिल्याच आठवड्यात विचारलं, "भिंगरी राहू दे, शिडी चढता येते का?" येत होती. तीन वर्षं झाली, अर्धं काम मी करते.

त्यांची एक सवय मला अजून झेपत नाही. कुठल्याही घरी गेल्या की मशीनला हात लावत नाहीत. चपला काढतात आणि खोलीच्या मधोमध फरशीवर दहा मिनिटं गप्प बसतात. लोकांना वाटतं बाई दमल्या, पाणी देतात. आई म्हणतात, "थंडी आधी तळपायाला कळते, मग रिमोटला." ती दहा मिनिटं माझा जीव नुसता खालीवर होतो.

आणि त्यांचं एक ठरलेलं वाक्य आहे, प्रत्येक घरात ऐकवतात. "या मशीनचे दोन भाग म्हणजे दोन भाऊ. बाहेरचा ऊनवारा खाऊन राबतो, आतला भिंतीवर बसून मिरवतो. तुम्ही आतल्याला रोज पुसता. बाहेरच्याला कधी भेटलात?"

आता त्या घराची गोष्ट सांगते.

मंगळवारी संध्याकाळपासून वादळ, गारा आणि त्यानंतर तीन दिवस हाडं गोठवणारी थंडी, असं सगळीकडे सांगत होते. आमचा फोन खाली ठेवायला मिळत नव्हता. जाळ्या धुवायच्या, बाहेरच्याचे बोल्ट आवळायचे, नळी जिथून भिंतीत शिरते ते भोक बुजवायचं, एकच धांदल. त्यात रविवारी उजाडताच एका बाळंतिणीचा फोन आला. बाळ आठव्या महिन्यातच झालेलं, दवाखान्यातून घरी आणून नऊ दिवस झालेले. डॉक्टरांनी बजावलं होतं, खोली गार पडता कामा नये, पडत असेल तर बाळ परत इकडे आणा. आणि खोली रोज संध्याकाळी गार पडत होती. घरात ती, बाळ आणि तिचे सासरे. नवरा कामावर परगावी.

आम्ही त्याच सकाळी गेलो. आई बसल्या. मशीन मस्त गरम हवा फेकत होतं. जाळी साफ, गॅस बरोबर, करंट बरोबर. बाहेरचाही मागच्या अंगणात घुमत होता. निघालो. संध्याकाळी सहाला फोन, "खोली परत गार."

सोमवारी आई म्हणाल्या, आज दुपारपासून बसू. बसलो. चार वाजले, पाच वाजले, सहा वाजले. खोली ऊबदार. बाळ इवलंसं, माझ्या बोल्ट आवळायच्या पान्याएवढं, तोंड उघडं टाकून झोपलेलं. वाटेतली दोन कामं उरकून आम्ही घरी पोचतोय तोच फोन. "तुम्ही गेलात आणि तासाभरात गार पडली."

बाळंतिणीच्या सासऱ्यांनी तिच्या हातातला फोन घेतला. "बाई, राग मानू नका. तुम्हाला जमत नसेल तर एखादा माणूस बघतो."

मी तिथंच तोंड उघडणार होते. आईंनी माझ्या मनगटावर हात ठेवला. फोनमध्ये म्हणाल्या, "आजोबा, उद्या दुपारपर्यंत मला द्या. मग कुणालाही बोलवा, मीच नंबर देते."

जेवताना त्या भाकरीचा तुकडा हातात धरून बसल्या होत्या.

"आई, मशीन आपल्याला बघून लाजतंय की काय?"

"मशीनला घड्याळ कळत नाही गं," त्या म्हणाल्या. "पाहुणा कळत नाही. या दोन्ही गोष्टी माणसालाच कळतात. त्या घरात कुणीतरी काहीतरी करतंय, आणि आपण असलो की करत नाही."

मला रात्रभर तेच. कोण? बाळंतीण खोलीबाहेर पडत नाही. आजोबा? ते कशाला स्वतःच्या नातवाला थंडीत ठेवतील?

मंगळवारी सकाळी गेलो तर बाळंतिणीनं बॅग भरून दाराशी ठेवलेली. लंगोट, दुपटी, दवाखान्याची फाइल. म्हणाली, "ताई, वादळ सुरू झाल्यावर रस्ता बंद झाला तर मी याला नेऊ कशी? तीनपर्यंत बघते. नाहीतर निघते." आणि तिनं बॅगेची चेन लावली.

आई फरशीवर बसल्या. मला बसवेना. मी मागच्या अंगणात गेले आणि बाहेरच्यासमोर उकिडवी बसले. त्याला आपण भेटत नाही, असं आईच म्हणतात ना. बघते तर काय, सगळ्या अंगणात धूळ आणि पाला, पण मशीनच्या चारी बाजूंनी फरशीचा एक पट्टा लख्ख. जणू कुणी पट्टी लावून चौकोन आखलाय. त्या पट्ट्याच्या कडेला बारीक पिवळा भुसा. मी बोटावर घेऊन वास घेतला. लाकूड.

आजोबा दारात उभे होते.

"आजोबा, इथे काय असतं?"

"काही नाही. पेटी."

"कसली पेटी?"

"याच्यासाठी केली मी. वारा लागू नये, गारा लागू नयेत म्हणून. चारला वारा सुटतो, तेव्हा घालतो. तुम्ही येणार म्हटलं की काढून ठेवतो. पाहुण्याला काम करायला अडचण नको."

मी आत पळाले. "आई, उठा."

आजोबा जन्मभर सुतारकाम केलेला माणूस. पेटी त्यांनी मागच्या खोलीत पोत्याखाली झाकून ठेवली होती. पोतं काढलं आणि खरं सांगते, मला ती आवडली. सागवानी, कोपरे असे जुळवलेले की नख शिरणार नाही, पुढे बोटाएवढ्या फटी. नातवासाठी पाळणा करावा तशी केली होती.

आईंनी कौतुक केलं नाही आणि चूकही काढली नाही. म्हणाल्या, "चढवा बघू. रोज चढवता तशी."

चढवली. मशीन सुरूच. आईंनी आजोबांचा हात धरला आणि बोटं फटीतून आत घालायला लावली.

"काय लागतंय?"

"गार वारा."

"थंडीत हा बिचारा बाहेरच्या हवेतली होती नव्हती तेवढी ऊब ओढून आत पाठवतो, आणि उरलेली गार हवा बाहेर टाकतो. तुमच्या पेटीत ती बाहेर जातच नाही. टाकलेलीच परत ओढतो. मग अंगावर बर्फ धरतो, आणि बर्फ वितळवायला खोली गरम करायचं सोडून देतो."

आम्ही बघत उभे राहिलो. दिवस ढगाळ, हवा ओली, बोटं बधिर करणारी. अर्ध्या तासात बाहेरच्याच्या पत्र्यांवर बर्फाची पांढरी साय धरली. मग बाहेरचा फुस्स करून थांबला. आतून बाळंतीण म्हणाली, "गेली बघा गरम हवा."

आजोबांनी परत फटीत बोटं घालून बघितली आणि धोतराला पुसली. मग म्हणाले, "म्हणजे मीच." 

मला त्यांचा राग होता, कालच्या फोनचा. तोंडाशी आलं होतं, की जा आता, बोलवा एखादा माणूस. पण त्यांचा चेहरा बघून गिळलं. आईंनीच सांभाळलं.

"आजोबा, गारा तर पडणारच आहेत. पत्रे चेपले तर बाहेरचा मेलाच समजा. मला छप्पर पाहिजे, भिंती नकोत. चार पाय, याच्यापेक्षा हातभर उंच, उतरतं, पुढून मागून मोकळं. आणि बर्फ वितळून पाणी साचू नये म्हणून खाली दोन ठोकळे. किती वाजेपर्यंत होईल?"

आजोबांनी भिंतीवरच्या घड्याळाकडे बघितलं. "पावणेबारा झालेत. अडीचला देतो. पण करवत धरायला कुणीतरी लागेल."

"ही आहे ना," आई म्हणाल्या. "हिला नाहीतरी बसवत नाही."

तीन तास मी त्या माणसाच्या हाताखाली शिव्या खाल्ल्या. "करवत आहे ती, पोळपाट नाही, जोर कशाला लावतेस?" "शाळा सोडलीस ती सोडलीस, सरळ रेघ तरी शिकायची होतीस." मीही म्हटलं, तुम्ही शाळेत असता तर मी त्याच दिवशी सोडली असती. ते हसले. आई तोवर बाहेरच्याला गरम पाण्यानं पुसत होत्या, बोल्ट आवळत होत्या, नळीवर नवं पांघरूण गुंडाळत होत्या. नंतर आपल्या फरशीवर जाऊन बसल्या.

छप्पर अडीचला नाही, तीनला दहा मिनिटं असताना उभं राहिलं. बाळंतीण चपला घालून, बाळाला छातीशी बांधून दारात उभी होती. आई म्हणाल्या, "चारपर्यंत थांब. रस्ता अजून उघडा आहे. मीही थांबते. खोली गार पडली तर मीच तुला दवाखान्यात सोडते."

चारला वारा सुटला. साडेचारला पहिली गार छपरावर टणकन आपटली, मग अंगण पांढरं झालं. आजोबा खिडकीला नाक लावून बसले होते, छपरावरची प्रत्येक गार मोजत असल्यासारखे. बाहेरचा त्या माऱ्याखाली घुमत होता, थांबला तो एकदाच, पाच मिनिटं, बर्फ झटकायला. परत सुरू झाला. आई चपला काढून बसलेल्या. सहा वाजले तरी पाय पोटाशी घेतले नव्हते त्यांनी. माझ्या लेखी तोच थर्मामीटर.

बाळंतिणीनं बाळाला सोडून पलंगावर ठेवलं, बॅगेची चेन उघडली आणि एकेक दुपटं काढून परत कपाटात लावायला लागली.

आजोबा खिडकीतून वळले. भिंतीवरच्या आतल्याकडे बोट करून म्हणाले, "बाई, लाकूड बरंच उरलंय. याला काही करू का?"

"त्याला काही नको," आई म्हणाल्या. "त्याचे लाड आधीच फार झालेत."