जन्माचा दाखला आणि तीन जहाजं

मी वर्ध्याजवळच्या खेड्यात, घरीच जन्मले. नोंद करायला कुणी गेलंच नाही. दोन हजार सात साली अमेरिकेत, व्हर्जिनियातल्या हर्नडनमध्ये, ग्रीन कार्डाचा अर्ज अडला तो यावरूनच. अर्ज परत आला तर गाशा गुंडाळायचा होता, म्हणून माझा जीव नुसता टांगणीला.

"चल, जरा डोकं शांत होईल," म्हणत नवऱ्याने मला आणि मुलीला इंग्रजांची जहाजं बघायला नेलं. चारशे वर्षांपूर्वी त्यांना व्हर्जिनियात पहिल्यांदा घेऊन आलेल्या तीन जहाजांच्या हुबेहूब प्रतिकृती. मला वाटलेलं, केवढी थोरली असतील! अगं बाई, सगळ्यात लहान जहाज म्हणजे दोन-तीन मिनीव्हॅन एकापुढे एक लावल्या की संपलं. एवढ्याशा डबड्यातून समुद्र ओलांडला? मी हबकलेच.

पलीकडे इंग्रजांच्याही आधीपासून इथे राहणाऱ्या मूळच्या लोकांचं गाव उभारलंय. तिथे पन्नाशीचा एक माणूस हरणाचं कातडं खरवडून दाखवत होता. तो त्याच लोकांपैकी. मुलीने विचारलं, इंग्रज आले तेव्हा तुमच्या लोकांनी काय केलं?

"काहींनी बाण मारले. नंतर मका दिला. इंग्रज उपाशी मरत होते."

माझी बडबड सुरू झालीच. माझा अर्ज, माझा न मिळणारा दाखला, सगळं सांगून टाकलं. तो हसला. "आमच्या जमातीचाही अर्ज पडून आहे. आम्ही अजून आहोत, हे वॉशिंग्टनच्या सरकारने मानावं म्हणून."

"काय?" मी ओरडलेच. "मग दाखले दाखवा की जन्माचे!"

"आजीच्या दाखल्यावर कारकुनाने आमचा वंश खोडून 'कलर्ड', म्हणजे काळे, लिहिलं. तेव्हा कायद्याने दोनच वंश होते, गोरे आणि कलर्ड. गावात सगळ्यांचंच तसं."

मी लगेच शहाणपण शिकवलं. "दोन वडीलधाऱ्यांचं अ‍ॅफिडेव्हिट करा. माझे मामा आणि मावशी तेच करतायत. चालतं!"

तो कातड्यावरून हात फिरवत राहिला. "पण त्या वडीलधाऱ्यांनाही आधी आपण कोण ते सिद्ध करावं लागेल."

ज्यांच्या घरात आम्ही राहायला निघालो होतो, त्यांनाच सरकार घरचे असल्याचा पुरावा मागत होतं. आणि मी बया, कालची आलेली, त्यांना सल्ले देत उभी होते!