ओल्या पडद्याच्या दोन बाजू

सकाळी बायको अंगणात धुतलेली पांढरी चादर दोरीवर टाकत होती. पलीकडून ऊन आलं आणि कापडावर तिची सावली पडली. त्या ओल्या सुती वासासरशी मी दिवाळीनंतर भरणाऱ्या मंडईच्या जत्रेतल्या सिनेमाच्या तंबूत जाऊन पोचलो.

लग्नाला तेव्हा जेमतेम वर्ष झालं होतं. चित्र दोन्हीकडून दिसावं म्हणून मधल्या पडद्यावर पाणी मारलेलं असे. पुढे आम्ही पुरुष, मागे बाया. सिनेमा हसवणारा होता. एक संशयी नवरा खोटी दाढी लावून, परका बनून आपल्याच बायकोची परीक्षा घ्यायला येतो. तो गोड बोलायला लागला की आम्ही हसायचो. आमचं हसणं थांबलं की पडद्यामागून बायांचं सुरू व्हायचं.

परतताना धानाच्या शेतांमधल्या धुऱ्यावरून चालत मी तिला विचारलं, "तुमी बाया मागून काऊन हासत होत्या?"

"तिनं त्याले पयलेच ओळखलं होतं. तुमाले दिसलं नाही?"

"मंग बोलली काऊन नाही?"

"माह्या माहेरचं, चिचगडचं कोणी आलं म्हंजे तुमी आडून आडून विचारता, माह्यासंगं शाळेत कोण कोण होतं म्हणून. मी बोलतो का काही?"

ती पुढे चालत राहिली. तेव्हा वाटलं, आपण पकडले गेलो. आता वाटतं, वर्षभर तिनं मला किती सांभाळून घेतलं.

चादरीवरची सावली थांबली. "एकटेच काऊन हासून राहिले?"

मी चादरीखालून वाकून तिच्या बाजूला गेलो.