सत्तेचाळीस लाल झेंड्या

मिस व्हर्ली टेरियो मोटार चालवायच्या त्या उजव्या सीटवर बसून. स्टिअरिंग डावीकडे, पत्रांच्या पेट्या रस्त्याच्या उजव्या कडेला; मग बाईंनी काय करावं? डावा पाय लांब करून ब्रेक दाबावा, डाव्या हाताने स्टिअरिंग धरावं आणि उजव्या हाताने पेटीत पत्र सारावं. बायू सेलेस्त या आमच्या खाडीकाठच्या गावाच्या एकुलत्या एक रस्त्यावर एकतीस वर्षं त्यांनी असं टपाल वाटलं. निवृत्त होऊन सहा वर्षं लोटली तरी ही बसण्याची तऱ्हा काही सुटली नाही. परगावचा माणूस ती बिनड्रायव्हरची मोटार येताना पाहून रस्ता सोडायचा. आमच्या लोकांना त्यात काही वाटत नसे.

हेस्टर वादळ आलं ते चोवीस ऑगस्टला. खाडीच्या दोन्ही काठांवर ज्याचं छप्पर शाबूत राहिलं असा माणूस शोधून सापडला नसता. पाणी ओसरल्यावर आमच्याकडे पहिलं काम असतं ते रंगाचा फवारा घेऊन भिंतीवर लिहिण्याचं: विमा कंपनीचं नाव, पॉलिसीचा नंबर, घराचा नंबर. म्हणजे पाहणीला येणारा माणूस चुकत नाही. शेवटी तो येतो, फोटो काढतो, शिडीवर दोन पायऱ्या चढतो आणि जातो. मग पत्र येतं की आपल्या दाव्यावर पुनर्विचार चालू आहे. मग तसंच दुसरं. फोन केला की पलीकडची बाई इतकं गोड बोलते की आपणच तिला त्रास दिला असं वाटून लोक माफी मागून फोन ठेवतात.

कंपनी बोलतेय तोवर आपला दावा जिवंत आहे, अशी सगळ्या गावाची समजूत. मिस व्हर्लींना ती ऐकली की संताप यायचा.

"अरे, फोनवरची बाई गोड बोलते म्हणून कोर्टाचं घड्याळ थांबतं का?" त्या म्हणायच्या. "दोन वर्षं. वादळाच्या दिवसापासून दोन वर्षं. त्याच्या आत कोर्टात फिर्यादीचा कागद पडला तर पडला. नाहीतर तीच बाई तितक्याच गोड आवाजात सांगेल की मुदत संपली."

त्यांनी स्वतःच्या घराच्या रस्त्याकडच्या भिंतीवर हातभर अक्षरांत "चोवीस ऑगस्ट" रंगवलं आणि खाली दोन वर्षांनंतरचं साल टाकलं. मग चर्चच्या हॉलमध्ये दर गुरुवारी मदत केंद्राची एक तरुण वकीलबाई आणून बसवली. टपालाच्या क्रमानेच घरांची यादी केली आणि प्रत्येक दारात जाऊन कागद मागितले. कोणाची पत्रं कुठल्या कप्प्यात असतील हे त्यांना घरच्यांपेक्षा जास्त ठाऊक.

झेंड्यांची युक्तीही त्यांचीच. आमच्याकडे घरातून पत्र पाठवायचं असेल तर पेटीच्या कडेची लाल झेंडी वर करून ठेवतात. टपालवाला पत्र उचलतो आणि झेंडी पाडतो. मिस व्हर्लींनी फर्मान काढलं: ज्याचा कागद कोर्टात पडला नाही त्याने झेंडी वर ठेवायची, पडला की स्वतःच्या हाताने खाली करायची. सेहेचाळीस घरं. सत्तेचाळिसावी झेंडी त्यांची स्वतःची. त्यांच्या घराला विमा नव्हता, तरी त्यांनी ती वर केली आणि सांगितलं, "माझी सगळ्यांत शेवटी उतरेल."

नवा टपालवाला पोरगा आठवडाभरात रडकुंडीला आला. "मिस व्हर्ली, मी रोज सत्तेचाळीस पेट्या उघडतो आणि सेहेचाळीस रिकाम्या! तुमच्या पेटीत तेवढं ते एक पाकीट असतं, तेही जुनं, कधीचंच फोडलेलं."

"ते राहू दे. त्याला जायला वेळ आहे," त्या म्हणाल्या.

त्या पाकिटाची गोष्ट तोवर कोणालाच माहीत नव्हती. हेस्टरच्या बारा वर्षं आधी एक वादळ झालं, त्यात त्यांचंही छप्पर गेलं होतं. विमा नवऱ्याच्या नावावर (आमच्याकडे लग्न झालेल्या बाईलाही मानाने मिसच म्हणतात). ओव्हीद टेरियो आपली कोळंबीची नाव घेऊन आखातात गेलेला असताना एका सकाळी टपाल लावता लावता बाईंच्या हाती कंपनीचं पाकीट आलं, वर त्याचं नाव. त्यांनी ते नियमाप्रमाणे आपल्याच दारच्या पेटीत टाकलं आणि संध्याकाळी काढून स्वयंपाकघरातल्या टेबलावर मिठाच्या बरणीला टेकवून उभं केलं. फोडलं नाही. टपालवालीचा हात दुसऱ्याचं पाकीट फोडत नाही, मग तो दुसरा नवरा का असेना. टेबलाशेजारीच समुद्रातल्या नावांशी बोलायचा रेडिओ होता. पण त्यावर सगळा ताफा ऐकतो, घराघरांतल्या बायका ऐकतात. घरची गोष्ट चॅनेलवर काढायची नाही, ही इथली रीत. अकरा दिवसांनी ओव्हीद आला, त्याने पाकीट फोडलं. आत शेवटचा नकार होता आणि कोर्टात जायची तारीख. ती उलटून चार दिवस झाले होते.

ओव्हीदने शब्दाने दोष दिला नाही. "तू टपालवाली आहेस, व्हर्ली. तू काय करणार," एवढंच म्हणाला. त्यापेक्षा त्याने ताटं आपटली असती तर बरं झालं असतं. सात वर्षं निळ्या ताडपत्रीखाली राहून, दर पावसाळ्यात नवा खिळा ठोकत तो गेला.

तर हेस्टरला दोन वर्षं पुरी झाली तो चोवीस ऑगस्ट, शुक्रवार. पंचेचाळीस झेंड्या खाली. वर दोन: एक मिस व्हर्लींची आणि एक नोलन शेरामीची.

नोलन माणूस सोन्यासारखा, पण हट्टाला पेटला तर ओहोटीतली नावसुद्धा त्याच्याआधी हलेल. त्याचं अर्धं छप्पर उडालं होतं. कंपनी म्हणत होती की वाऱ्याने चार पत्रे गेले, बाकी सगळं पुराचं, आणि पुराचे पैसे आम्ही देत नाही. दोन वर्षं तो, बायको लूरा आणि नऊ वर्षांची क्लॅरिस सरकारने अंगणात आणून ठेवलेल्या चाकांवरच्या पत्र्याच्या डब्यात राहत होती. पोरीची खाट म्हणजे जेवायच्या टेबलावर टाकलेली फळी. त्याचा कागद वकीलबाईंनी मार्चमध्येच तयार केला होता. फक्त सही हवी होती. मिस व्हर्ली तो टपालाच्या जुन्या पिशवीतून वागवत होत्या आणि नोलन दर वेळी म्हणत होता, "वेळ आहे अजून."

कारण सगळ्यांना उघड वाटत होतं. त्याला विमा विकला होता क्लेव्ह गॅस्पारने, त्याच्याच टेबलावर बसून, त्याच्याच घरची कॉफी पीत. आणि क्लेव्ह म्हणजे क्लॅरिसचा पारँ, बाप्तिस्म्याला तिला हातांवर घेतलेला धर्मपिता. आमच्याकडे पारँवर कोणी कोर्टात जात नाही. निदान नोलन तरी असं धरून बसला होता.

दुपारी अडीचला मिस व्हर्ली शेरामींच्या अंगणात उतरल्या. लूरा डब्याच्या दारात भेंडी चिरत बसली होती.

"कुठाय तुझा नवरा?"

"गेला की परवाच. कोळंबीचा हंगाम उघडला ना."

"परवा? आणि सही? लूरा, आज शेवटचा दिवस आहे गं!"

लूराच्या हातातली सुरी थांबली. "आज कसा? तो म्हणाला ऑक्टोबरपर्यंत आहे. ते काय, भिंतीवर लिहिलंय."

मिस व्हर्लींनी मान वळवून पाहिलं. मोडक्या घराच्या भिंतीवर कंपनीचं नाव, नंबर, आणि त्याखाली नोलनच्या वाकड्या अक्षरात: एकोणीस ऑक्टोबर. पाहणीचा माणूस आला तो दिवस. नोलनने तो जपून लिहून ठेवला होता आणि दोन वर्षं तिथून मोजली होती. 'वेळ आहे अजून' म्हणताना तो नुसता टाळत नव्हता, खरंच मोजतही होता. या भिंतीसमोरून आपण दोन वर्षं रोज गेलो आणि वाचलं नाही, याचा बाईंना स्वतःचाच राग आला.

"पॉलिसीवर तुझंही नाव आहे. तू सही कर," त्यांनी कागद पुढे केला.

"त्याला न विचारता? मिस व्हर्ली, तो मला घरात घ्यायचा नाही."

"घर आहे कुठे घ्यायला?" त्या म्हणाल्या, आणि लगेच त्यांना वाईट वाटलं. लूराचे डोळे भरले होते. "बरं. विचारू त्याला. रेडिओ लाव."

"चॅनेलवर? सगळे ऐकतील!"

मिस व्हर्ली त्या छोट्या यंत्राकडे क्षणभर पाहत उभ्या राहिल्या. मग डब्यात शिरून त्यांनी स्वतःच माईक उचलला.

"नोलन शेरामी. मी व्हर्ली. तुझ्या घरातून बोलतेय."

खरखर झाली. "मिस व्हर्ली? काय झालं? क्लॅरिस बरी आहे ना?"

"क्लॅरिस ठणठणीत आहे. बिघाड तुझ्या डोक्यात आहे."

"ते जुनं दुखणं आहे, बाई," दुसऱ्या एका नावेवरून टी-रॉयचा आवाज मध्येच आला, "त्याला विमा मिळत नाही." दोनतीन नावांवरून हसणं ऐकू आलं.

"टी-रॉय, तुझी सही मी फेब्रुवारीत कान धरून घेतली म्हणून तुला आज हसायला सुचतंय. गप्प बस. नोलन, कोर्टाची मुदत आज साडेचारला संपते."

"ऑक्टोबरात संपते. भिंतीवर आहे."

"भिंत तुझी, रंग तुझा, अक्षर तुझं! पाहणीचा तो टायवाला आला ती तारीख आहे ती. वादळ काय ऑक्टोबरात आलं होतं? आढ्याला मिठी मारून बसला होतास ते विसरलास?"

नोलन आवाज खाली आणून म्हणाला, "मिस व्हर्ली, ही घरची गोष्ट आहे. सगळे ऐकतायत."

"ऐकू देत. मी एकदा नाही बोलले." "ओव्हीद आखातात होता. त्याचं पाकीट माझ्या टेबलावर होतं, आणि हाताशी असाच माईक. लोक ऐकतील म्हणून अकरा दिवस मी तोंड मिटून बसले. चार दिवसांनी हुकलं, नोलन. चार दिवसांनी. त्या ताडपत्रीखाली मेला तो."



"मी क्लेव्हवर फिर्याद नाही करणार," नोलन म्हणाला. "तो माझ्या पोरीचा पारँ आहे. उद्या चर्चमध्ये त्याला तोंड कसं दाखवू?"

तेवढ्यात नावेवरचा नसलेला एक आवाज चॅनेलवर आला. घाटावरच्या कचेरीतून क्लेव्ह गॅस्पार बोलत होता.

"नोलन, मी म्हणजे कंपनी नाही रे. मी फक्त तिची पाटी दारावर लावलीय. तुझ्यासाठी सहा पत्रं धाडली, एकाचंही उत्तर नाही. मला हे बोलायची परवानगी नाही आणि अर्धं गाव ऐकतंय. उद्या पाटी उतरवली तर उतरवू देत. माझी पोर अजून किती दिवस त्या फळीवर झोपणार? सही होऊ दे."

नोलन म्हणाला, "लूरा, क्लेव्ह म्हणतोय तर कर सही."

"आणि मी दोन वर्षं म्हणतेय तो काय वारा होता?" मिस व्हर्ली माईकमध्ये ओरडल्या. पण मागे वळून पाहतात तर लूराने सही केव्हाच करून टाकली होती, भेंडीच्या चिकट बोटांनी, कागदाच्या कडेला हिरवा डाग पाडून.

परगण्याच्या कोर्टाचं गाव तिथून पाऊण तासावर. लूराला मागे बसवून निघालेल्या बाईंना दीड तास लागला, कारण मधला उचलपूल नेमका वर होता आणि खालून तराफ्यांची लांबलचक माळ संथपणे सरकत होती. मिस व्हर्लींनी उजव्या सीटवरून हॉर्न दाबून पाहिला, तराफेवाल्याने हात हलवून नमस्कार केला. त्यानंतर बाईंनी जे उद्गार काढले ते लूराने आजवर कोणाला सांगितलेले नाहीत. काउंटरवर पोचल्या तेव्हा दप्तराचा कारकून खिडकीचा पडदा ओढत होता.

"एकच ना?" त्याने विचारलं.

"एकच. शेवटचा."

शिक्का धप्पकन बसला. चोवीस ऑगस्ट, चार वाजून एकोणीस मिनिटं. आयुष्यभर शिक्के पाहिलेल्या त्या बाईंनी कागद उजेडाकडे धरून तारीख तीनदा वाचली आणि मग त्या काउंटरला टेकून, सगळ्यांदेखत, रडल्या.

खटला पुढे वर्षभर चालला. शेरामींच्या घरावर आता हिरवं पत्र्याचं छप्पर आहे आणि क्लॅरिसला खिडकीजवळची खाट. क्लेव्हची पाटी महिन्याभरातच उतरली. तो आता त्याच घाटावर जाळी दुरुस्त करतो, आणि चर्चमध्ये क्लॅरिसच्या पहिल्या ख्रिस्तप्रसादाच्या दिवशी नोलनने त्याला पहिल्या बाकावर आपल्या शेजारी बसवलं. दोघांचाही चांगुलपणा असा बाहेर आला, कारण त्या दोघांना बोलतं करणारी बाई गावात होती.

त्या शुक्रवारी परत येताना लूरा आपल्या दारापाशी उतरली आणि तिने स्वतःच्या हाताने झेंडी पाडली. मिस व्हर्ली पुढे गेल्या. आपल्या पेटीजवळ मोटार थांबवून, उजव्या सीटवरूनच त्यांनी हात बाहेर काढला. आतलं पाकीट घेतलं. ओव्हीदचं नाव उन्हाने फिकं पडलं होतं.

झेंडी मात्र हलेना. दोन वर्षं वर राहून बिजागरी गंजली होती. त्यांनी पायातला बूट काढला आणि दोन घाव घातले. ती खाली आली.

"टपाल गेलं, ओव्हीद," त्या म्हणाल्या, आणि बूट घालून घरात गेल्या.