झऱ्याचं पाणी आणि माझी बाटली

हसायचं तर खुशाल हसा बाबांनो, पण आधी चहाचा कप खाली ठेवा. ठसका लागला तर मला बोल नको! पोरीचं जमलेलं लग्न मी पेलाभर पाण्यात बुडवायला निघालो होतो.

वर्षभर माझं पोट जळायचं. शेवटी महाडच्या डॉक्टरांनी दुर्बीण घातली आणि म्हणाले, "सर, पोटात जंतू आहे. चौदा दिवस गोळ्या, एकही चुकवायची नाही. महिन्याने पुन्हा तपासू."

"मग गेला ना कायमचा?"

"बहुतेकांचा जातो. पण आपल्याकडे पुन्हा होऊही शकतो. खाणंपिणं सांभाळा."

बस्स! 'चौदा दिवस' या कानाने ऐकलं, त्या कानाने सोडलं. 'पुन्हा होऊ शकतो' मात्र डोक्यात घर करून बसलं. त्यातून मी हायस्कूलचा विज्ञानाचा मास्तर. मला तर जंतू नुसत्या डोळ्यांनी दिसतात! बाटली माझी, पेला माझा, चमचासुद्धा माझा. स्टाफरूममध्ये माझ्या पिशवीला सगळे 'दवाखाना' म्हणायला लागले.

अशातच आमच्या एकुलत्या एक पूर्वाचं स्थळ जमत आलं. मुलगा संकेत, नोकरी मुंबईला, घर पोलादपूरच्या वर एका वाडीत. पोरांनी एकमेकांना पसंत केलेलं. मी आणि बायकोने, सुनंदाने, फक्त घर बघून 'हो' म्हणायचं होतं.

"बाबा, तिथे काही घोळ घालू नका हं," निघताना पूर्वा म्हणाली. मी? मी कशाला घोळ घालेन?

संकेतच्या घरी ओटीवर टेकलो, तोच त्याच्या आईने तांब्या-पेला पुढे केला. आता आपल्याकडची रीत तुम्हाला ठाऊक आहे. स्थळ बघायला जाऊन पाण्याला शिवलं नाही, म्हणजे स्थळ नापसंत. मलाही ठाऊक होती हो! पण पेल्यात बघितलं आणि मला तो जंतू वळवळताना दिसला.

"घ्या की गुर्जी," संकेतचे वडील बबनराव म्हणाले. "आमच्या झऱ्याचं पानी हाय. मुंबयचे पावणे कॅन भरून नेतात!"

"नको... आज उपास आहे."

"मग आदी नाय का सांगायचं!" म्हणत संकेतची आई आत पळाली. सुटलो बुवा, म्हणत होतो. अर्ध्या तासात वरीचा भात आणि दाण्याची आमटी हजर!

"अहो, निर्जळी आहे माझा! पाणीसुद्धा चालत नाही."

सुनंदाने माझ्याकडे असं काही बघितलं म्हणता! माझा उपास म्हणजे दोन जेवणांमधला वेळ, हे तिच्याइतकं कोणाला ठाऊक?

दुपारचं ऊन, त्यात वाडीचा चढ चढून आलेलो. घशाला कोरड पडलेली. बबनराव भाताच्या लावणीचं सांगत होते, मी माना डोलवत होतो. आणि सवयीने हात पिशवीत गेला. बाटली काढली. गटागटा अर्धी संपवली. वर "आहाहा!"सुद्धा म्हणालो!

सगळ्यांच्या नजरा बाटलीवर.

"निर्जळीला घरचं पानी चालतं वाटतं," संकेतची आई हळूच म्हणाली.

बबनराव उठून उभे राहिले. "गुर्जी, पसंत नाय तर तसं सांगायचं. आमची पोरं उगा आशेवर बसलीत."

माझ्या डोळ्यांसमोर पूर्वा आली. खरं सांगतो, घाबरलो. जंतू, दुर्बीण, गोळ्या, सगळं भडाभडा सांगून टाकलं.

"म्हंजे आमच्या पान्यात जंतू हाय?"

"नाही नाही! कुठल्याही पाण्यात असू शकतो!"

"कुठल्याबी म्हंजे आमच्याबी!"

मी बाटलीचं झाकण घट्ट लावलं.

तेवढ्यात सुनंदा उठली. माझ्यासाठी भरलेला पेला उचलला आणि एका दमात रिकामा केला. "गोड आहे हो पाणी! पोरगी तुमची झाली. आणि यांचं काय मनावर घेता? पोटातली जळजळ थांबली म्हणून दहाव्या दिवशीच गोळ्या बंद केल्या यांनी. शाळेत मात्र पोरांना शिकवतात, कोर्स पुरा करा!"

सगळी ओटी हसली. मीही मुकाट्याने दोन पेले प्यायलो.

पुढच्या आठवड्यात तपासणीचा रिपोर्ट आला. जंतू आहेच!

"बघा!" मी डॉक्टरांसमोर टेबलावर हात आपटला. "त्या झऱ्याचं पाणी! मी म्हणतच होतो!"

"गोळ्या किती दिवस घेतल्यात, सर?"

"...दहा."

"मग परत कुठला येतोय? तो बहुधा गेलाच नव्हता. झऱ्याला कशाला नावं ठेवता? उलट तुमचाच पेला दुसऱ्या कोणाला देऊ नका. आता नव्या गोळ्या, आणि पुरे चौदा दिवस!"

हे सगळं सुनंदाने विहीणबाईंना त्याच संध्याकाळी फोनवर सांगितलं. मीठमसाला लावून.

साखरपुड्याला मंडळी आमच्याकडे महाडला आली. मागची भरपाई करावी म्हणून पाण्याचा ट्रे घेऊन मी स्वतः पुढे झालो.

बबनरावांनी मला हात जोडले, पायाशी ठेवलेला झऱ्याच्या पाण्याचा कॅन मांडीवर घेतला आणि म्हणाले, "नको गुर्जी. आज आमचा निर्जळी हाय."