घंटेला बांधलेली मच्छरदाणी

मला अपराधी वाटायला फारसं कारण लागत नाही. सभेला गेलो तर घरचं काम टाकून आलो म्हणून वाटतं, घरी थांबलो तर सभा चुकवली म्हणून वाटतं. पण एका गोष्टीची माफी मी कधी मागितली नाही, आणि आता पन्नाशी जवळ आली तरी मागणार नाही. मी आणि माझी बायको गडावर मच्छरदाणी घेऊन गेलो, ती गोष्ट.

संयुक्त महाराष्ट्राच्या चळवळीची ती वर्षं. आम्ही गिरगावात चाळीच्या दुसऱ्या मजल्यावर राहत होतो. दोन खोल्यांत आई, दोन धाकटे भाऊ, एक बहीण, मी आणि माझी बायको. झोपायची पद्धत सगळ्या चाळीत होती तीच: पुरुष गॅलरीत, बायका आत. लग्नाला वर्ष उलटून गेलं होतं, पण बायकोशी जरा निवांत बोलायचं तर जिन्यात गाठ पडावी लागे, आणि जिन्यातही कुणीतरी पाण्याची बादली घेऊन मागे उभं असेच.

सुट्टी मिळाली की मी डोंगरात जायचो. सोबतीला चाळीतलेच दोघे मित्र. एक छापखान्यात कंपोझिटर होता, चळवळीची पत्रकं जुळवून जुळवून त्याच्या बोलण्यातही घोषणा येत. दुसरा शाळामास्तर, अगदी अबोल. त्या वर्षी पावसाळा संपता संपता आम्ही असेच गेलो होतो आणि मी हिवताप घेऊन परतलो. आईने काडेचिराईताचे काढे उकळले, कोयनेलच्या गोळ्या चारल्या, अंगावर घरातली सगळी पांघरुणं घातली. मी उठून बसल्यावर तिने निकाल दिला.

"आता डोंगर बंद."

मी मान खाली घातली. तिने माझ्यासाठी किती जागरणं केली ते मला ठाऊक होतं. बायको तेव्हा चुलीपाशी होती. ती लालबागची, वडील गिरणीत मागावर साचेवाले. आमच्याकडे येऊनही तिचा आवाज तिकडचाच राहिला होता.

"डोंगर कुठे चावतो, आई? चावतो तो डास," ती म्हणाली.

"मग डासाला काय सांगणार आहेस? येऊ नको म्हणून?"

"जाळी लावणार."

तिने खरंच जाळीचं कापड आणलं आणि माहेरच्या मशीनवर मच्छरदाणी शिवली. चार कोपऱ्यांना लांब नाड्या, खाली खोचायला हातभर जास्तीचं कापड. पुढची सुट्टी जवळ आली तेव्हा तिने जाहीर केलं की तीही येणार.

"बायकामाणसाचं काय काम गडावर?" आईने विचारलं.

"जाळी बांधायला. ह्यांना गाठ कुठे मारता येते?"

ते खरं होतं. मला अजून येत नाही.

आई म्हणाली, "जा. पण दोघांतल्या एकाला जरी ताप आला, तरी पुन्हा ह्या घरात डोंगराचं नाव काढायचं नाही." तिने तिखटमिठाच्या पुऱ्या बांधून दिल्या.

चढताना बायको कासोटा मारून माझ्या पुढे चालत होती, आणि बोलत होती. एवढं बोलताना मी तिला पाहिलंच नव्हतं. त्या एका दिवसात मला कळलं की तिला अंधाराची भीती वाटत नाही, पालीची वाटते. लालबागला मोर्च्यात तिच्या पाठीवर पोलिसाची काठी बसली होती आणि तिने ते घरी कुणाला सांगितलं नव्हतं. वर्षभर एका घरात राहून मला यातलं काही माहीत नव्हतं. सगळी चढण मी मनाशी एवढंच घोकत होतो, की ताप येता कामा नये. ताप आला तर हे बोलणं पुन्हा जिन्यात जाणार.

माचीवर देवीचं देऊळ होतं, त्याच्या ओसरीवर मुक्काम. शेजारीच हिरव्या पाण्याचं टाकं. उन्हं कलली तसे त्या टाक्यातून डास निघाले. कंपोझिटरने अंगाला करंजेल चोपडलं होतं, पण त्याच्या वासाने डासांपेक्षा आम्हीच लांब बसलो. मास्तरने कडुलिंबाच्या ओल्या पाल्याचा धूर केला. आम्ही खोकत बाहेर आलो, डास आतच राहिले.

बायकोने जाळी काढली. दोन कोपरे खांबांना बांधले, तिसरा खिडकीच्या गजाला. चौथ्याला काही मिळेना. ओसरीच्या मधोमध घंटा टांगलेली होती. तिने देवीला हात जोडले आणि नाडी घंटेच्या कडीला बांधली.

"वहिनी, मावळे जाळीत झोपले असते तर राज्य झालं असतं का?" कंपोझिटर मानेवर चापट मारत म्हणाला.

"मावळ्यांनाही ताप येत असणार," मास्तर म्हणाला. "बखरीत तेवढं लिहीत नाहीत."

बायको आत शिरली, कड खोचली. मी बाहेर उभा. मित्रांच्या देखत, देवीच्या समोर, बायकोच्या मच्छरदाणीत शिरायचं? माझे कान तापले. डास पोटऱ्या फोडून काढत होते, तरी माझा पाय उचलेना.

आतून आवाज आला, "येताय ना? की आईंना परत काढा उकळायला लावणार?"

मी कड उचलली आणि आत शिरलो. घंटा वाजली.

कंपोझिटर याचीच वाट बघत होता. मूठ वर करून सभेतल्यासारखा ओरडला, "मच्छरदाणीसह संयुक्त संसार!"

आणि आमचा मास्तर, जो वर्गातही आवाज चढवत नसे, तो गरजला, "झालाच पाहिजे!"

हसताना आम्ही हललो, आणि घंटा पुन्हा वाजली.

बाहेर कंदील होता. त्याच्या उजेडात जाळीच्या चारी बाजू पांढऱ्या दिसत होत्या आणि त्यांवर डास बसत होते, उडत होते, पुन्हा बसत होते. बायको उताणी पडून वर बघत होती.

"केवढी मोठी खोली आहे ना?" ती हळूच म्हणाली.

मला कूस बदलायचीही भीती वाटत होती.

सकाळी पाहतो तर मास्तरचं डोकं जाळीच्या आत होतं आणि बाकीचा मास्तर बाहेर. कंपोझिटरचा एक डोळा सुजून मिटला होता. खाली उतरेपर्यंत तो खाजवत होता, तरी घोषणा चालूच.

घरी आल्यावर आई रोज सकाळी पालथा हात माझ्या कपाळाला लावून बघे, मग बायकोच्या. आम्ही दोघं निमूट उभे राहायचो. ताप आला तो कंपोझिटरला. त्याचे दात वाजलेले आमच्या खोलीपर्यंत ऐकू येत. मला त्याचंही अपराधी वाटलं, त्याला आत बोलवायला हवं होतं असं वाटलं. बायको म्हणाली, "बोलवलं असतं तर त्याने आणखी एक घोषणा केली असती."

मला वाटलं, आम्ही जिंकलो. पण आजारी पडण्याआधी कंपोझिटरने गॅलरीत दात घासता घासता घंटेची हकिकत सांगून टाकली होती. नळावर पोचेपर्यंत ती घंटा रात्रभर वाजत राहिली होती. एका संध्याकाळी आईने मला समोर बसवलं.

"ताप नाही आला, मान्य. पण देवीच्या घंटेला जाळी बांधून नवराबायको निजलात. नळावर बायका तोंडाला पदर लावून हसतात. आता डोंगर नाही."

"बांधायला दुसरं काही नव्हतं, आई."

"मग नव्हती बांधायची."

"मग ताप आला असता."

"ताप बरा होतो."

एरवी मी इथे गप्प बसलो असतो. तिने आम्हाला कसं वाढवलं ते आठवलं असतं आणि मान खाली गेली असती. आठवलंही. पण सबंध चाळीत नवराबायकोला पाय पसरायला जागा नाही आणि डोंगरावर मिळाली तर त्याची लाज, हे मला पटेना. मी तिच्याकडे बघून म्हणालो, "येत्या सुट्टीला आम्ही दोघं जाणार आहोत. जाळी घेऊन."

आई उठून आत गेली.

दुसऱ्या दिवशी बायकोने मच्छरदाणी धुतली आणि गॅलरीत, सगळ्यांच्या येण्याजाण्याच्या वाटेवर, या टोकापासून त्या टोकापर्यंत वाळत घातली. नळावर जाणाऱ्या प्रत्येकीला तिच्याखालून वाकून जावं लागलं. कुणी हसलं की बायको विचारी, "शिवून देऊ का तुम्हालाही?" तिघींनी पुढे खरंच शिवून घेतल्या, पण ते बऱ्याच दिवसांनी.

निघायच्या दिवशी आईने पुऱ्या केल्या नाहीत. आम्ही इराण्याकडून पाव घेतले. उंबऱ्याशी बायको पाया पडायला वाकली, तेव्हा आई म्हणाली, "ताप आला तर माझ्याकडे यायचं नाही."

"आला तर येऊच की, आई. दुसरीकडे कुठे जाणार?"

आईने चुलीकडे तोंड फिरवलं. ती पाठमोरी बसलेली मला अजून दिसते आणि अजून टोचते. तरी त्या दिवशी मी थांबलो नाही, आणि पुन्हा तो दिवस आला तर पुन्हा थांबणार नाही.

आम्ही जिना उतरून अंगणात आलो. वर गॅलरीच्या कठड्याशी कंपोझिटर उभा होता. तापातून नुकताच उठलेला, गळ्यापर्यंत घोंगडी, चेहरा पिवळा. आम्हाला बघून त्याने घोंगडीतून एक मूठ बाहेर काढली.

"मच्छरदाणीसह संयुक्त संसार!" आवाज पार बसला होता.

चाळीतली डोकी कठड्यावरून डोकावली. मला वाटलं, आता भराभर फाटकाबाहेर पडावं. बायको मात्र थांबली. तिने वर पाहिलं, हात उंच केला आणि लालबागच्या मोर्च्यातला तो आवाज काढला.

"झालाच पाहिजे!"

तळमजल्यावरच्या एका आजोबांनी, कशाबद्दल ते न कळताच, सवयीने साथ दिली. आणखी दोन आवाज वरून आले. मग मीही ओरडलो. आवाज जरा दबकाच निघाला, पण आमच्या खोलीपर्यंत गेला असावा. दार उघडंच होतं.