न मिटणारा डोळा

“जरा हसून दाखव,” डॉक्टर म्हणाले.

मी हसले. निदान मला तरी तसं वाटलं. शेजारी बसलेल्या आईने पदर तोंडाशी नेला, तेव्हा कळलं की हसू अर्धंच उमटलं आहे.

“आता भुवया वर घे. डोळे घट्ट मीट. गाल फुगव.”

उजवी भुवई जागची हलली नाही. उजवी पापणी अर्ध्यावर येऊन थांबली. गालात भरलेली हवा उजव्या कोपऱ्यातून फुस्स करून निघून गेली.

“बेल्स पाल्सी,” डॉक्टर म्हणाले आणि आईकडे वळून त्यांनी सोपं करून सांगितलं. चेहरा हलवणारी नस कानामागच्या हाडातल्या अरुंद बोगद्यातून येते. तिला सूज आली की त्या बाजूचा चेहरा झोपून जातो. हा मेंदूचा झटका नाही. तशा झटक्यात कपाळ बहुतेक वेळा हलतं, हिचं कपाळही हलत नाही. शिवाय हातापायांत ताकद आहे, बोलणं स्पष्ट आहे.

“पण झालं कशाने?” आईने विचारलं.

“नक्की सांगता येत नाही. एखादा विषाणू असू शकतो. हिने काही केलं म्हणून झालेलं नाही.”

हे शेवटचं वाक्य मी जपून ठेवलं. पुढे ते फार कामाला आलं.

खरं तर सुरुवात आधीच झाली होती. उजव्या कानामागे दुखत होतं. चहाला चव लागेना. सकाळी चूळ भरली तर पाणी हनुवटीवरून ओघळलं आणि आरशात एक अनोळखी चेहरा दिसला. शेजारी म्हणाले, हवा लागली, शेक द्या. आईने ऐकलं नाही. नवापूरहून मिळेल ती गाडी पकडून तिने मला नंदुरबारला आणलं. डॉक्टर म्हणाले, लवकर आलात हे बरं केलं. स्टेरॉइड म्हणजे सूज उतरवणारी गोळी, ती पहिल्या तीन दिवसांत सुरू झाली तर गुण चांगला येतो. त्यांनी रक्तदाब आणि साखर तपासून गोळ्या लिहून दिल्या. डोळ्यासाठी दिवसभर थेंब, झोपताना मलम आणि वरून चिकटपट्टी. पापणी मिटत नाही म्हणून बुब्बुळ सुकतं, त्याला जखम होऊ शकते.

“नजर उत्तम आहे,” ते म्हणाले. “फक्त झाकण बिघडलंय.”

तुमच्यावर किंवा तुमच्या माणसावर ही वेळ आली, तर शेक देत घरी बसू नका. त्याच दिवशी डॉक्टरकडे जा आणि डोळ्याला जपा. हे मी आधीच सांगून टाकते, कारण यापुढे मी रागाने लिहिणार आहे.

मी कमी बोलते. घरी मावची बोली, शाळेत इंग्रजी, चर्चमध्ये मराठी, तिन्हीकडे कमीच. बोलण्याच्या जागी मी हसते. कुणी काही लागेल असं बोललं की हसते, कुणी काम सांगितलं की हसते. आमच्या मंडळीत, म्हणजे चर्चच्या लोकांत, मला गुणी पोरगी म्हणायचे आणि ते नाव टिकावं म्हणून मी पुष्कळ काही गिळलं होतं. आता गिळायला पाणीसुद्धा सरळ जाईना आणि हसू तर गेलंच.

त्याच आठवड्यात चर्चचं महिला मंडळ आमच्या घरी प्रार्थनेला आलं. पुढे मार्थामावशी. त्या नात्याने मावशी नाहीत, मंडळीतल्या सगळ्यांच्या मावशी आहेत. धुळ्याकडच्या, त्यामुळे बोलणं अहिराणी. मी ज्यात गाते तो गायकगट त्याच बघतात. त्यांनी माझ्या कपाळाला तेल लावलं आणि डोक्यावर हात ठेवला.

“पोरी, मनमा काय शे ते सांगी टाक. देव उगाच कोनं तोंड वाकडं नही करस.”

“डॉक्टर म्हणाले, मी काही केलं म्हणून नाही,” मी म्हणाले. प, फ, ब, म नीट फुटत नव्हते. वाक्य ओठांतून गळतच बाहेर आलं.

“डॉक्टरले मन दखास का?” मावशी म्हणाल्या. बाकीच्या बायका हुंकारल्या.

मग प्रार्थना सुरू झाली. आमच्यात प्रार्थनेला डोळे मिटतात. लहानपणापासून अंगवळणी पडलेलं असतं, कुणी बघत नाही म्हणूनच माणूस मोकळेपणी रडतो. सगळ्यांचे डोळे मिटले. माझा डावा मिटला. उजवा उघडाच राहिला.

लकवा झालेला डोळा आंधळा असतो, असं आमच्याकडे सगळे धरून चालतात. त्यांच्या मते तो नुसता उघडा असतो, पाहत नाही. लोकांचा असा समज आहे, हे मला तेव्हा माहीत नव्हतं. माहीत झालं ते असं.

“प्रभू, ह्या लेकरूवर दया कर,” मावशी मोठ्याने म्हणाल्या. म्हणता म्हणता त्यांनी स्वतःचे डोळे उघडले, शेजारच्या बाईला कोपराने डिवचलं आणि आपलं तोंड एका बाजूला वाकडं करून दाखवलं. हुबेहूब माझ्यासारखं. बाईचे खांदे गदगदा हलले. आई डोळे मिटून रडत होती, तिला वाटलं त्या बाईलाही रडू आलं. मावशींनी माझ्या उघड्या डोळ्यात पाहिलं, निर्धास्तपणे, जसं भिंतीवरच्या चित्राकडे पाहावं. मग परत डोळे मिटून “आमेन” म्हणाल्या.

मीही आमेन म्हणाले. नाही म्हणण्याची सवय नव्हती.

नाताळची उपासना मोबाइलवरून थेट दाखवतात. तिच्या तयारीत त्यांनी मला गायकगटाच्या पुढच्या ओळीतून उचलून खांबामागे उभं केलं. “मोबाइलवर चालू ऱ्हास ना वं, लोके सुरतलगून दखतस,” त्या म्हणाल्या. समजावून सांगितल्यासारखं. मी मान हलवली आणि खांबामागे गायले.

त्या दिवसांत मी देवाकडे बरं होणं मागितलं नाही. मी मागितलं, मार्थामावशीचं तोंड वाकडं कर. कायमचं नको. एका नाताळापुरतं. कॅमेऱ्यासमोर. त्यांची चूळ हनुवटीवरून ओघळू दे, त्यांना कुणी तरी पाप विचारू दे. पवित्र शास्त्रात शत्रूचे दात पाडायच्या प्रार्थना आहेत. संडे स्कूलमध्ये त्या आमच्याकडून कुणी पाठ करून घेतल्या नव्हत्या. मी आपणहून केल्या.

फिजिओथेरपी, म्हणजे चेहऱ्याचे व्यायाम, आरशासमोर बसून करायचे होते. नाक मुरड. ओठांचा चंबू कर. जोर लावू नको, हळू. रोज स्वतःचा लोंबता गाल पाहत मी नाक मुरडायचे आणि मनात दात पाडायचे. अशीच एकदा प्रार्थना करताना लक्षात आलं की इतके दिवस मी देवासमोर हसलेले नाही. हसताच येत नव्हतं. मी त्याच्यासमोर वाकड्या तोंडाने, मनात विष घेऊन येत होते आणि त्याने मला खांबामागे उभं केलं नव्हतं. मंडळीला मात्र मी जन्मभर चेहरा नेऊन दाखवत आले होते, पसंत आहे ना म्हणून.

राग त्याने गेला नाही. मंडळीला नापसंत होण्याची भीती गेली. भीती गेल्यावर राग फार नीटनेटका होतो.

एका सकाळी नाकाच्या उजव्या बाजूला सुरकुती पडली. आई दाराशी उभी राहून बघत होती. मग हळूहळू भुवई, ओठ आणि सगळ्यांत शेवटी पापणी. डॉक्टरांनी पुन्हा तेच केलं, डोळे मीट, गाल फुगव. हवा गालातच राहिली. “छान,” ते म्हणाले. “हसताना उजवा डोळा जरा बारीक होईल. नसेचे धागे परत जुळताना थोडे चुकतात.”

आमच्याकडे आजारातून उठलेला माणूस मंडळीपुढे साक्ष देतो, देवाने काय केलं ते सांगतो. उन्हाळी सभेत माझी साक्ष ठरली. मार्थामावशी मंडपाशी भेटल्या.

“साक्षमा सांगजो, मावशीनी तेल लावं आन तोंड सुधरी गयं.”

माझी जुनी मान हलायला निघाली होती. मी ती हलू दिली नाही.

माइक हातात आला. मी लिहून काही नेलं नव्हतं. “देवाने मला बरं केलं,” मी म्हणाले. “त्याने आईला अक्कल दिली, तिने मला वेळेत डॉक्टरकडे नेलं. गोळ्या लवकर सुरू झाल्या. त्याच्यासाठी मी देवाचे आणि डॉक्टरांचे आभार मानते.”

लोक आमेन म्हणाले.

“आणि एक सांगायचं राहिलं. खूप दिवस माझा उजवा डोळा मिटत नव्हता. प्रार्थनेतसुद्धा. पुष्कळांना वाटलं, त्या डोळ्याला दिसत नाही. त्याला सगळं दिसत होतं. आमच्या घरी झालेल्या प्रार्थनेतही. देवाने तो उघडा ठेवला, त्याबद्दलही आभार.”

या वेळी आमेन विरळ आला. खांदे हललेली ती बाई पायांतली चप्पल शोधू लागली. मार्थामावशी पुढच्या रांगेत होत्या आणि मी नाव घेतलं नव्हतं. घ्यायची गरजच नव्हती.

“प्रार्थना करू या,” चर्चचे पाळकसाहेब घाईने म्हणाले. सगळ्यांचे डोळे मिटले. मी माझे उघडे ठेवले, दोन्ही, मुद्दाम. थोड्या वेळाने मार्थामावशींचा एक डोळा किलकिला झाला आणि थेट माझ्या डोळ्यांना भिडला. त्यांनी तो इतक्या जोरात मिटला की गालाला सुरकुत्या पडल्या. मग मी माझे मिटले. मिटणारी पापणी केवढं मोठं देणं आहे, ते मला त्या क्षणी कळलं.

मंडपाबाहेर त्यांनी मला गाठलं. आवाज गोड होता.

“आते हासत का बरं नही वं तू? तोंड तं सुधरी गयं ना?”

“हसता येतं, मावशी,” मी म्हणाले.

आणि हसले नाही.

त्यांना क्षमा करायची आहे, हे मला ठाऊक आहे. अजून केलेली नाही. रोज देवाला तसंच सांगते, आणि सांगताना तोंड सरळ करत नाही.