न वाजणारी डबी

कमरेला नागीण उठली, तेव्हा शेजाऱ्यांनी तिच्यावर गेरू लावला. तोंड-शेपूट जुळलं की माणूस जातो, असं प्रत्येकाने सांगितलं. दोन दिवस त्यात घालवून मी सोलापूरच्या एका दवाखान्यात गेलो. तिथली उद्घाटनाची पाटी बसायच्या बाकापेक्षा मोठी होती.

बाकावर कुर्डुवाडीहून आलेला एक पन्नाशीचा माणूस होता. त्याने गोळ्यांच्या डबीवरचं लेबल नखाने खरवडलं, आत कापूस दाबला आणि डबी कानाशी हलवून पाहिली.

"तुमी बी एचआयव्हीचेच का?" त्याने हळूच विचारलं.

मी नागिणीचं सांगितलं, तेव्हा तो जरा हिरमुसला.

"डबी वाजली तर सून विचारंल," तो म्हणाला. "कळलं तर नातू मांडीवर देणार न्हाय."

"या गोळीने नागीण मरेल?" मी माझी चिठ्ठी दाखवली.

"मरत न्हाय की. व्हायरस आपल्याच पेशीत शिरून स्वतःच्या नकला काढतो. गोळी ती नक्कल अर्ध्यात तोडती. मग तुमचा व्हायरस नसंत जाऊन निजतो, माझा बी आत कुटंतरी. तुमची गोळी सात दिवस, माझी जन्मभर. चुकवली की जागा झाला."

डॉक्टरांनी मला एवढं सांगितलं नव्हतं.

उठताना तो म्हणाला, "पयल्या मंगळवारी असतो मी हितं. या की."

नागीण आठवड्यात सुकली. पुढच्या महिन्याच्या पहिल्या मंगळवारी मला दवाखान्यात जायचं काही कारण नव्हतं, आणि मी गेलो नाही.